कार्ड खिशात, पैसे गायब! मग नुकसान कोणाचं?

ज्यांना भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी आजच्या गप्पा लिहून देतोय.

समजा, तुम्ही सोनिवलीत राहता. कामावरून सुटलात, बदलापूर लोकलमध्ये कसेबसे उभे आहात. क्रेडिट कार्ड पाकिटात, पाकीट खिशात. आणि मोबाइलवर मेसेज येतो: तुमच्या कार्डवर अठरा हजारांची खरेदी झाली. तुम्ही तर काहीच घेतलेलं नाही. आता हे अठरा हजार कोणाचे गेले? तुमचे की बँकेचे?

उत्तर दोन गोष्टींवर ठरतं. चोर कोणत्या दाराने आला, आणि तुम्ही बँकेला किती लवकर कळवलं. या दोन गोष्टी आज नीट समजून घेऊ.

कार्डाची नक्कल

कार्ड खिशात असताना पैसे जातात कसे, याचं मोठं उदाहरण आपल्या पुण्यातलंच आहे. ऑगस्ट 2018 मध्ये कॉसमॉस सहकारी बँकेवर सायबर हल्ला झाला. 11 आणि 13 ऑगस्ट या दोन दिवसांत मिळून 94 कोटींहून जास्त रुपये गेले. चोरांनी व्यवहारांना मंजुरी देणारी बनावट यंत्रणा मध्येच घुसवली आणि नकली कार्डं वापरून 28 देशांतल्या एटीएममधून पैसे काढले. खरी कार्डं होती ग्राहकांच्याच खिशात. ग्राहकांच्या खात्यांना धक्का लागला नाही, असं बँकेने तेव्हा सांगितलं. 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात 11 जणांना दोषी ठरवलं.

कार्डाच्या मागे जी काळी पट्टी असते, तिच्यावरची माहिती कधी बदलत नाही. म्हणून तिची नक्कल सोपी. चिपचं तसं नाही. चिप प्रत्येक व्यवहाराला नवा संकेत तयार करते. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने जुनी पट्टीवाली कार्डं बदलून चिपची कार्डं देण्यासाठी बँकांना 31 डिसेंबर 2018 ही मुदत घातली होती. ते झालं आणि कार्डाची नक्कल अवघड झाली. मग चोरांसमोर मुख्य दारं राहिली दोन: कार्डाचा नंबर आणि तुम्ही स्वतः.

पहिलं दार: नंबर

ट्रिपला गेलात, ढाब्यावर जेवलात, बिलासाठी कार्ड वेटरच्या हातात दिलं आणि तो आत घेऊन गेला. नंबर, मुदतीची तारीख आणि मागचा सीव्हीव्ही, एवढं टिपायला एक फोटो पुरतो. भारतातल्या साइटवर खरेदीला बहुतेक वेळा ओटीपी लागतो, पण परदेशी साइटवर अनेकदा लागत नाही. खरा धोका तिथे.

याला कुलूप तुमच्याच मोबाइलमध्ये आहे. ऑक्टोबर 2020 पासून प्रत्येक कार्डाला चालू-बंद करायची सोय देणं बँकांना बंधनकारक आहे. बँकेचं ॲप उघडा, कार्डाच्या सेटिंगमध्ये जा आणि हे करा:

- आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद ठेवा. परदेशी जाल तेव्हाच चालू करा, परत आलात की बंद.
- ऑनलाइन खरेदीची मर्यादा आपल्या नेहमीच्या खर्चाएवढीच ठेवा. मोठी खरेदी असेल त्या दिवशी वाढवा.
- टॅप करून पैसे देण्याची सोय वापरत नसाल तर बंद करा. पाच हजारांपर्यंत टॅपला पिन लागत नाही. उल्हासनगरच्या बाजारातल्या गर्दीत पाकीट पडलं, तर ज्याला सापडेल तो टॅप करू शकतो.

कार्ड नजरेआड जाऊ देऊ नका. स्वाइप मशीन टेबलावर मागवा, किंवा काउंटरवर स्वतः जा. ऑनलाइन खरेदीत ‘कार्ड सेव्ह करू का’ असं विचारतात, त्याची भीती थोडी कमी झाली आहे. ऑक्टोबर 2022 पासून दुकानदाराला पूर्ण नंबर साठवता येत नाही, त्याऐवजी टोकन साठवलं जातं. पण हा नियम आपल्याकडच्या व्यवहारांचा. परदेशी साइटवर कार्ड सेव्ह न केलेलंच बरं.

दुसरं दार: तुम्ही

इथे चोर तुमच्याकडूनच किल्ली मागून घेतो. ‘रिवॉर्ड पॉइंट आज संपतायत.’ ‘वीजबिल भरलं नाही, रात्री लाइट कापू.’ ‘गाडीचं चलान आहे, ही एपीके फाइल उघडा.’ असली फाइल टाकली की ती तुमचे मेसेज वाचू शकते, म्हणजे ओटीपी तुम्ही न सांगताही जातो. कोणी स्क्रीन शेअर करायला सांगितलं, तर सरळ फोन ठेवा.

प्रवासात आणखी एक फसगत होते. हॉटेल रद्द करायचं असतं, म्हणून आपण घाईघाईत गूगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधतो, आणि वरचाच नंबर भामट्याचा निघतो. बँकेचा नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो. तो आजच मोबाइलमध्ये सेव्ह करा आणि घरच्यांकडेही देऊन ठेवा. पाकीटच गेलं तर कार्डावरचा नंबर कुठून वाचणार?

घड्याळ कधी सुरू होतं?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये याबाबत नियम घालून दिले. चूक बँकेची असेल, तर नुकसान तुमचं नाही. चूक ना तुमची ना बँकेची, म्हणजे नंबर तिसरीकडूनच चोरीला गेला, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवा, तुमची जबाबदारी शून्य. मेसेज आला तो दिवस धरत नाहीत. सोमवारी मेसेज आला आणि मध्ये सुट्टी नसली, तर गुरुवारपर्यंत. चौथ्या ते सातव्या दिवशी कळवलंत, तर पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डावर तुमचं नुकसान जास्तीत जास्त 10,000 रुपये, त्याहून मोठ्या मर्यादेच्या कार्डावर 25,000. सात दिवसांनंतर बँकेच्या धोरणावर सगळं अवलंबून.

पण ओटीपी किंवा पिन तुम्हीच दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. कळवल्यानंतर पुढे जे जाईल, ते बँकेचं. म्हणून फसलो याची लाज वाटून गप्प बसू नका. चोर एकदा काढून थांबत नाही, आणि फोन करायला जेवढा उशीर, तेवढं तुमच्या अंगावर.

मेसेज आला तर

1. ॲपमधून कार्ड ब्लॉक करा.
2. बँकेला फोन करून तक्रार नोंदवा. तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून ठेवा. हाच तुमचा पुरावा.
3. 1930 या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा. पैसे पुढच्या खात्यातून बाहेर पडायच्या आत अडवता येण्याची शक्यता असते.
4. मेसेज, स्क्रीनशॉट काही डिलीट करू नका. जवळच्या पोलीस ठाण्यातही तक्रार द्या.
5. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा ते पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे तक्रारीला पैसे लागत नाहीत. माहितीसाठी नंबर 14448.

आणि हो, चूक तुमची होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची आहे. ‘ओटीपी वापरला गेलाय, म्हणजे तुम्हीच दिला’ एवढ्यावर कोणी बोळवण केली, तर लेखी उत्तर मागा.

हे वाचून झालं की लगेच ॲप उघडून आंतरराष्ट्रीय व्यवहाराचं बटण तेवढं बघा. दोन मिनिटांचं काम आहे. घरात आईबाबांचं कार्ड असेल तर त्यांचंही बघून द्या. भेटू पुढच्या भागात!