आजी-आजोबांसाठी जपानी मालिका : प्रकृती पाहून निवड

वृद्ध रुग्णांच्या दिनक्रमाची चौकशी करताना औषधांच्या वेळांबरोबर मी एक प्रश्न हटकून विचारतो : संध्याकाळ कशी जाते? उत्तरे बहुधा सारखीच असतात. दूरचित्रवाणीवर बातम्या चालू असतात, आवाज मोठा असतो आणि शेजारी कोणी नसते. नातवंडे त्याच घरात असतात. पण आपापल्या मोबाइलमध्ये. वार्धक्यातील एकटेपणा भूक, झोप आणि मनःस्थिती या तिन्हींवर परिणाम करतो. दोन्ही पिढ्यांना एकाच पडद्यासमोर अर्धा तास बसवील अशी एखादी गोष्ट हवी असेल, तर जपानी ॲनिमेशन मालिकांचा विचार अवश्य करावा.

‘ही तर लहान मुलांची कार्टून’ हा समज प्रथम बाजूला ठेवू. जपानमध्ये ‘ॲनिमे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मालिका कथा-कादंबऱ्यांप्रमाणेच सर्व वयांसाठी आणि सर्व प्रकारांत तयार होतात. तीन पिढ्यांच्या एकत्र कुटुंबाची ‘साझाए-सान’ ही मालिका तेथे ऑक्टोबर १९६९ पासून रविवारी संध्याकाळी दाखवली जाते. आपल्यालाही हा प्रकार अगदीच परका नाही. १९९३ मध्ये दूरदर्शनवर रविवारी सकाळी आपण मुलांसह मोगलीची ‘जंगल बुक’ पाहिली असेल, तर ती जपानमध्येच तयार झालेली मालिका होती. हिंदी आवृत्तीतील शेरखानला आवाज होता नाना पाटेकर यांचा.

औषध देताना प्रकृती पाहावी लागते, तसेच मालिका निवडतानाही पाहावे.

आरंभासाठी : ‘हायडी’

१९७४ मधील या ५२ भागांच्या मालिकेचे दिग्दर्शन इसाओ ताकाहाता यांनी केले असून पुढे जगप्रसिद्ध झालेले हायाओ मियाझाकी त्यांच्या चमूत होते. मूळ कथा स्विस लेखिका योहाना स्पिरी यांची. आल्प्सच्या डोंगरात एकटे राहणारे तुसडे आजोबा आणि त्यांच्याकडे अचानक येऊन पडलेली अनाथ नात यांची ही गोष्ट. दृष्टी गेलेल्या एका वृद्धेला कडक पाव चावत नाही, म्हणून शहरात गेलेली हायडी तिच्यासाठी मऊ पाव कपाटात साठवून ठेवते. घराच्या ओढीने ती झोपेत चालू लागते, तेव्हा डॉक्टर तिला औषधाऐवजी घरी पाठवण्याचा सल्ला देतात. चाकांच्या खुर्चीतील क्लारा मात्र शेवटी डोंगरावर येऊन चालू लागते, ते कथेपुरतेच समजावे. आपल्या घरातील रुग्णाची तिच्याशी तुलना करू नये.

लहान नातवंडांबरोबर : ‘डोरेमॉन’

हिंदीत सहज मिळणारी ही विनोदी मालिका घरातील मुलांना पाठच असते. त्यांना नोबिताच्या आजीची गोष्ट लावायला सांगावी. दिवंगत आजीला पुन्हा पाहण्यासाठी नोबिता कालयंत्राने भूतकाळात जातो, एवढेच येथे सांगतो. पाहून झाल्यावर आपल्या आजीविषयी नातवंडाला काही सांगावेसे वाटेल, ते अवश्य सांगावे.

शरीर समजून घेण्यासाठी : ‘सेल्स ॲट वर्क’

२०१८ च्या या मालिकेत मानवी शरीर हे एक गजबजलेले शहर आहे. तांबड्या पेशी प्राणवायूची खोकी घरोघर पोहोचवतात, पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात आणि चिमुकल्या मुलांच्या रूपातील प्लेटलेट्स जखम बुजवतात. फ्लू, उष्माघात, रक्तस्राव यांवर स्वतंत्र भाग आहेत. ‘हिमोग्लोबिन कमी आहे’ या वाक्याचा अर्थ त्यातून घरातल्या सर्वांना चित्ररूपाने कळतो. लढायांत रक्त उडताना दिसते, म्हणून अगदी लहान मुलांना ती दाखवू नये.

शांत मनासाठी : ‘मुशिशी’

२००५ मधील या २६ भागांच्या अद्भुतकथेत गिंको नावाचा भटका वैद्य गावोगाव फिरतो. ‘मुशी’ नावाच्या अदृश्य जिवांमुळे माणसांना जडलेल्या व्याधी तो आधी नीट ऐकून घेतो, मग उपाय शोधतो. गती संथ, संगीत मंद आणि प्रत्येक भागाची कथा स्वतंत्र. कालचे आज आठवले नाही तरी काही बिघडत नाही. काही कथांचा शेवट मात्र उदास आहे.

निवृत्तांसाठी : ‘मार्च कम्स इन लाइक अ लायन’

शोगी हे जपानी बुद्धिबळ. त्यात जिंकलेली सोंगटी आपल्या बाजूने पुन्हा पटावर उतरवता येते. सतरा वर्षांचा एकाकी व्यावसायिक खेळाडू रेई आणि त्याला जेवायला बोलावणाऱ्या तीन बहिणी यांची ही कथा. त्यांच्या आजोबांचे मिठाईचे दुकान आहे. दुसऱ्या पर्वात साठी ओलांडलेल्या यानागिहारा या खेळाडूचा एक डाव आहे. समवयस्क मित्र एकेक करून खेळातून निवृत्त झालेले आणि प्रत्येकाने जाताना आपली अपेक्षा त्याच्या खांद्यावर ठेवलेली. निवृत्तीनंतरचे रिकामपण अनुभवलेल्या वाचकांनी तो अवश्य पाहावा.

प्रौढांसाठी : ‘शोवा गेन्रोकु राकुगो शिंजू’ आणि ‘मॉन्स्टर’

राकुगोचा कलावंत उशीवर बसून पंखा व रुमाल एवढ्याच साधनांनी सारी पात्रे एकटाच उभी करतो; आपल्याकडील एकपात्री प्रयोगांची आठवण व्हावी. ही कला आपल्याबरोबरच संपावी असे म्हणणारे वृद्ध गुरू आणि त्यांच्या दाराशी आलेला शिष्य यांची ही कथा २०१६-१७ मध्ये दोन पर्वांत आली. तीत मृत्यू आणि आत्मघाताचे विषय आहेत. मन खचलेल्या व्यक्तीने ती टाळावी. ‘मॉन्स्टर’ ही ७४ भागांची रहस्यकथा आहे. जर्मनीतील एक जपानी शल्यविशारद महापौराऐवजी आधी आलेल्या लहान मुलाचे प्राण वाचवतो आणि त्या निर्णयाचे भीषण परिणाम त्याला भोगावे लागतात. ती दुपारी पाहावी, झोपण्यापूर्वी नव्हे.

पाहताना घ्यावयाची काळजी

एक भाग साधारण २४ मिनिटांचा असतो. तो संपला की उठावे, पाणी प्यावे, घरातल्या घरात चार फेऱ्या माराव्यात. पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय नातवंडांकडून बंद करून घ्यावी. झोपेपूर्वी एक तास पडदा बंद असावा. पडद्याखालील अक्षरे वाचताना दमछाक होत असेल, तर हिंदी आवाजातील मालिका निवडावी आणि नेत्रतपासणीही करून घ्यावी. आवाज वाढवूनही शब्द कळत नसतील तर कानांची तपासणी आवश्यक आहे.

१६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’च्या एका भागातील झपाट्याने लुकलुकणाऱ्या प्रकाशामुळे शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावे लागले होते. घरात कोणाला फिट येत असल्यास खोलीत दिवा लावून, पडद्यापासून दूर बसूनच पाहावे आणि लखलखाटाची दृश्ये टाळावीत.

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीसाठी ‘मुशिशी’तील सौम्य भाग किंवा ‘हायडी’ योग्य. तोच भाग पुन्हा लावायला हरकत नाही. ‘काल काय झालं, आठवतं का?’ अशी परीक्षा घेऊ नये. ‘ही बकरी आवडली का?’ असे विचारावे. पडद्यावरील पात्रे खरी वाटून ती व्यक्ती घाबरली, तर वाद न घालता पडदा बंद करून तिचे लक्ष दुसरीकडे वळवावे.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी एक शब्द. घरातील दुसरे कोणी रुग्णाजवळ बसून मालिका पाहत असेल, तर ती २४ मिनिटे आपण स्वतःसाठी घ्यावीत : गच्चीवर जावे, चहा प्यावा, डोळे मिटून पडावे. दिवसभर रुग्णाला एकट्याला पडद्यापुढे बसवून ठेवणे मात्र त्याच्या हिताचे नाही.

या रविवारी ‘हायडी’चा पहिला भाग लावावा. दोन भागांनंतरही मन रमले नाही, तर दुसरी मालिका घ्यावी. कोणती, ते नातवंडांना ठरवू द्यावे.