पाळत ठेवायला गेले आणि कोंबडी तळत बसले!

शहापूर-मुरबाडच्या सिनेमावेड्या मंडळींनो, ‘एक्स्ट्रीम जॉब’ हा 2019 चा कोरियन सिनेमा अजून पाहिला नसेल, तर आधी तो बघा. दिग्दर्शक ली ब्योंग-हॉन.

अमली पदार्थविरोधी पथकातले पाच पोलीस. हाती यश नाही, वरिष्ठांची बोलणी रोजचीच. टोळीच्या अड्ड्यासमोर डबघाईला आलेलं चिकनचं दुकान असतं. तिथून पाळत ठेवता यावी म्हणून ते दुकानच चालवायला घेतात. पथकातला एक जण सुवॉन शहरातल्या खाणावळवाल्याचा मुलगा. घरी बरगड्यांच्या मांसाला लावतात ते मुरवण तो कोंबडीला लावतो आणि दुकानापुढे रांगा लागतात! पावसाळी रविवारी माळशेजच्या वाटेवरच्या ढाब्यांवर असते तशी गर्दी. कांदा चिरणं, टेबलं पुसणं, ऑर्डरी घेणं यातच सगळे अडकतात. खिडकीतून समोर बघायला माणूसच उरत नाही. मला सर्वांत आवडतो तो हाच भाग.

शेवटची मारामारी जरा लांबली आहे, पण पाचही जणांना तिथे आपापला वाव मिळतो.

सुमारे पाच कोटी लोकसंख्येच्या देशात या सिनेमाची 1 कोटी 60 लाखांहून जास्त तिकिटं खपली.

आपल्याकडे पोलिसांची धमाल म्हटली की महेश कोठारेंचा ‘दे दणादण’ (1987) आठवतो. लक्ष्या-महेशची ती जोडी आवडली असेल, तर हे पथकही आवडेल. सबटायटल्सना घाबरू नका, आणि जेवून मगच बघायला बसा!