उत्पन्न वाढले आणि कर्ज झाले

कुटुंबाचे उत्पन्न पाहून मदत ठरवावी, हे तत्त्व सर्वांनाच न्याय्य वाटते. पण कोणते उत्पन्न आणि केव्हाचे उत्पन्न, हा प्रश्न मात्र कारकुनी म्हणून बाजूला सारला जातो. ब्रिटनमधील ‘टॅक्स क्रेडिट’ योजनेची सारी मेख याच कारकुनी प्रश्नात होती.

गॉर्डन ब्राऊन अर्थमंत्री असताना, एप्रिल २००३ मध्ये, ही योजना अमलात आली. नाव कराचे असले तरी ती वस्तुतः रोख मदत होती. ज्यांना आयकर लागू नव्हता अशांनाही ती मिळे. अल्प वेतनाच्या नोकरदारांसाठी एक आणि मुलांसाठी एक, असे तिचे दोन भाग होते. पतिपत्नींचा आयकर १९९० पासून वेगवेगळा आकारला जात असताना येथे दोघांचे उत्पन्न एकत्र धरले जाई. बालभत्ता मात्र त्यात मोजला जात नसे, आणि ते योग्यच होते. १९४६ मध्ये सुरू झालेल्या कुटुंबभत्त्याचा हा वारस. पैसा आईच्या हाती पडावा म्हणून एलिनॉर रॅथबोन यांनी त्या भत्त्यासाठी दीर्घकाळ चळवळ केली होती. तो मोजला असता, तर एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखे झाले असते.

अडचण होती ती वेतनाची. ठराविक मर्यादेपुढील प्रत्येक पौंडामागे मदतीतून प्रथम ३७ पेन्स, आणि २०११ पासून ४१ पेन्स कापले जात. त्यात आयकराचे २० आणि राष्ट्रीय विम्याचे १२ मिळविले, म्हणजे शंभर पौंडांच्या वेतनवाढीतून कुटुंबाच्या पदरी सत्तावीसच उरत. श्रीमंतांवर एवढा कर बसविण्याचे धाडस कोणत्याही अर्थमंत्र्याने केले नसते!

त्याहून जाचक होता तो वार्षिक हिशेब. मदत सुरू होई ती गतवर्षीच्या उत्पन्नावर. अंतिम हिशेब मात्र वर्ष संपल्यावर चालू वर्षाच्या उत्पन्नावर होई. आरंभी २,५०० पौंडांपर्यंतची वाढ माफ असे. समजा, एखाद्याचे उत्पन्न बारा हजारांवरून सोळा हजार झाले आणि त्याने ते वेळीच कळविले नाही. मग वरच्या दीड हजारावर ३७ टक्क्यांनी ५५५ पौंड जादा मिळाले असे ठरे, आणि ते परत करावे लागत. तोवर ते घरभाड्यात, मुलांच्या बुटांत कधीच खर्च झालेले असत! पहिल्याच वर्षी सुमारे २२० कोटी पौंड अशा रीतीने जादा वाटले गेले. संसदेच्या लोकपाल अ‍ॅन अब्राहम यांनी २००५ मध्ये या कारभारावर कडक अहवाल दिला, आणि २००६ मध्ये माफीची मर्यादा एकदम २५,००० वर नेण्यात आली. पुढे काटकसरीच्या काळात ती टप्प्याटप्प्याने उतरवून २०१६ मध्ये पुन्हा २,५०० वर आणली गेली. सरकारची स्मरणशक्ती अल्प असते, हेच खरे.

५ एप्रिल २०२५ रोजी ही योजना संपुष्टात आली. तिची जागा घेणारे ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ महिन्याच्या उत्पन्नावर चालते. वर्षाचा गोंधळ त्यामुळे टळला, पण नवा उद्भवला. पगाराच्या दिवशी सुट्टी आली की पगार आधी जमा होतो. मग हिशेबाच्या एकाच महिन्यात दोन पगार दिसतात आणि मदत घटते. नोकरी करणाऱ्या चार एकट्या मातांनी याविरुद्ध दाद मागितली. अपील न्यायालयाने २०२० मध्ये ही पद्धत अविवेकी ठरविली, आणि त्याच वर्षी सरकारला नियम बदलावा लागला.