पहिलं घावन तव्याचं

आमच्या घरातल्या सर्वांत जुन्या भांड्याला एकच कान आहे. दुसरा माझ्या जन्माआधी, एका गणपतीत तुटला. घावनं आटोपल्यावर तवा धुवायला नेताना आजीच्या हातून निसटला आणि अंगणातल्या जांभ्यावर आपटला. लोखंडाचं भांडं पडून तुटतं, हे ऐकून माझे शहरातले मित्र अजून चकित होतात. पोळीचा तवा पडला तर फार तर वाकतो. हा तुटला, कारण हा बिडाचा.

बीड म्हणजे ओतीव लोखंड. (बीड शहराशी याचा काही संबंध नाही. लहानपणी मात्र हे तवे तिथूनच येतात अशी माझी पक्की समजूत होती.) पोळीच्या तव्याच्या पत्र्यात कार्बन नावापुरता असतो, बिडात तो शेकडा 2 ते 4 असतो, शिवाय थोडं सिलिकॉन. एवढ्याशा फरकाने लोखंडाचा स्वभावच बदलतो. शुद्ध लोखंड वितळायला 1538 अंश सेल्सिअस लागतात. बीड 1200 च्या आसपासच पातळ होतं आणि साच्याच्या कानाकोपऱ्यात शिरतं. पण ते थिजताना जादा कार्बन ग्राफाइटच्या, म्हणजे पेन्सिलीच्या शिशाच्या, पापुद्र्यांच्या रूपात वेगळा होऊन सगळीकडे विखुरतो. प्रत्येक पापुद्रा ही आतली एक बारीक चीरच. धक्का बसला की बीड तिथून तडकतं. तुटलेला कान जोडायला बाबांनी तवा नेला होता, तेव्हा वेल्डिंगवाल्याने तो उलटापालटा करून पाहिला आणि परत दिला. ‘बिडाचं आहे, एक शिवायला गेलो की शेजारी दुसरी फाटेल,’ म्हणाला.

ओतीव लोखंडाची भांडी चिनी लोकांनी अडीच हजार वर्षांपूर्वी करायला घेतली. केरळात लोखंडी कढईला चीनचट्टी म्हणतात, त्यात ती आठवण टिकून आहे. तमिळ माणूस डोशाच्या तव्याला ‘दोसैक्कल’ म्हणतो, म्हणजे डोशाचा दगड. हे नाव मला फार आवडतं. बिडाचा तवा हातात घेतल्यावर पहिल्यांदा दगडच आठवतो. युरोपात स्वस्त बिडाची भांडी घरोघर गेली ती अब्राहम डार्बी या इंग्रजामुळे. वाळूच्या साच्यात लोखंडी भांडी ओतण्याचं पेटंट त्याने 1707 साली घेतलं. आपल्याकडे बिडाचं नाव निघालं की मला आधी नांगर दिसतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर केला, तेव्हा सुरुवातीचे नांगर खपायला फार वेळ लागला. लोखंडाचं विष जमिनीत उतरेल, अशी शेतकऱ्यांना भीती होती. त्याच शेतकऱ्याच्या चुलीवर लोखंडाचा तवा असणार, पण त्यावरच्या भाकरीबद्दल कुणी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. पुढे 1910 मध्ये औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, आणि नंतरच्या काळात कोल्हापूरचं उद्यमनगर आणि शिरोली ओतकामासाठी नावाजली. तिथे मुख्यतः इंजिनांचे, पंपांचे, वाहनांचे भाग ओतले जातात. तवा हे त्या धंद्यातलं अगदी धाकटं भावंड, पण रीत तीच. ओलसर वाळूत चिकटपणासाठी बेंटोनाइटची माती आणि थोडी कोळशाची पूड मिसळायची, ती लाकडी किंवा धातूच्या नमुन्याभोवती ठोकून बसवायची, नमुना काढून घ्यायचा आणि उरलेल्या पोकळीत रस ओतायचा. थंड होताना बीड साधारण शेकडा एकाने आकसतं, म्हणून नमुना मुळातच तेवढा मोठा करतात. नव्या तव्याच्या पाठीवरून बोटं फिरवा. लागते ती वाळूची खूण आहे.

असा नवा तवा बाजारातून आणला, म्हणजे निम्माच आणला. उरलेला घरी करावा लागतो.

हे मला उशिरा कळलं. आजी गेल्यावर एककानी तवा आमच्याकडे आला आणि पहिल्याच आठवड्यात मी तो रात्रभर पाण्यात भिजत ठेवला. हेतू चांगला होता, घावनाचे कण मऊ व्हावेत. सकाळी पाहतो तो पाणी चहाच्या रंगाचं आणि तवा गंजाने लाल. मी घाबरून तारेच्या घासणीने इतका घासला की राखाडी, नागडं लोखंड वर आलं. त्यावर घातलेलं घावन निघालंच नाही. कालथ्याने खरवडून काढावं लागलं. मावशी फोनवर म्हणाली, ‘अरे, मेला नाहीये तो. त्याला परत काळा कर.’

काळा कर, म्हणजे काय करू? मावशीने सांगितलं ते असं. गंज चिंचेच्या कोळाने आणि घासणीने पुरता काढ. धू. मंद आचेवर ठेवून वाळव, फडक्यावर विसंबू नकोस. तवा कोमट असतानाच तेल लाव, आतून, बाहेरून, कानालासुद्धा. आणि मग कोरडं फडकं घेऊन ते तेल पुसून टाक, चुकून लागलं होतं अशा थाटात. त्यानंतर आच वाढवून धूर येऊन थांबेपर्यंत तापव, गार होऊ दे. हे चार-पाच वेळा. मला पुसून टाकण्याचा भाग पटला नव्हता. तेल लावायचं तर सढळ हाताने लावू, म्हणून मी पहिला थर जाड दिला. तवा गुळाच्या ढेपेसारखा चिकट झाला. सगळं पहिल्यापासून.

पुसून टाकण्यामागचं कारण माझ्या वयाच्या कोणत्याही मराठी मुलाला ठाऊक असायला हवं होतं, कारण आम्ही सगळ्यांनी बॅटला जवसाचं तेल पाजलंय. ते तेल सुकतं, पण पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला प्राणवायू घेऊन त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि पातळ, टणक पापुद्रा तयार होतो. तैलचित्राचा रंग वाळतो तो असाच. तव्यावर हेच उष्णतेच्या जोरावर काही मिनिटांत घडतं, आणि काही तेल जळून कोळसा होतं तेही त्या पापुद्र्यात अडकतं. तेल पातळ असेल तर थर आरपार सुकतो. जाड असेल तर वरची साय धरते आणि खाली चिकटा राहतो. तव्याचा काळा रंग म्हणजे असे थरावर थर. तो कारखान्यात चढवलेला नाही, स्वयंपाकातून उरलेला आहे.

आता कोणतं तेल? जवसाचं सर्वांत लवकर सुकतं, पण त्याचा थर ठिसूळ होतो आणि कधीकधी पोपडे धरून निघतो. करडईचं मला सर्वांत पसंत. तेही सुकणाऱ्या तेलांतलं, रंगांच्या धंद्यात वापरलं जाणारं, आणि सोलापूर-मराठवाड्याकडच्या घरांत अजून मिळतं. शेंगदाण्याचं चालतं. खोबरेल मात्र सुकत नाही, म्हणून पाया त्याचा घालू नये. कोकणात घावनाला खोबरेलच लावतात आणि तेच लावावं, पण ते तयार तव्यावर. काही घरांत नव्या तव्यात तीन-चार दिवस तांदळाची पेज भरून ठेवतात. त्याने ओतकामाची काजळी आणि सैल कण निघतात. तेवढ्यावर तवा तयार झाला, असं समजू नये.

एकदा मी नवाही तवा आणला, बहिणीसाठी. शहरातल्या एका दुकानातून घेतला, रंगाला सुरेख काळा. घरी धुतला तर पाणीही काळं, आणि तापवल्यावर रंगाचा वास. तो काळेपणा वरून मारलेला होता. तेव्हापासून मी राखाडी तवा पाहून घेतो.

बिडाच्या तव्याची स्तुती करणारे म्हणतात, तो उष्णता सारखी पसरवतो. हे चूक आहे, अगदी उलट चूक. ॲल्युमिनियम बिडाच्या चार-पाच पट वेगाने उष्णता वाहून नेतं. गॅसवर ठेवलेला बिडाचा तवा मध्ये पेटलेला आणि कडेला कोमट, अशा अवस्थेत बराच वेळ असतो. उष्णता धरून ठेवण्यातही लोखंडाचा मोठेपणा नाही. किलोला किलो तोललं तर ते ॲल्युमिनियमच्या निम्मीच उष्णता साठवतं. फक्त तवा जाड आणि जड असतो, त्यामुळे एकूण साठा मोठा. पातळ तव्यावर गार पीठ पडलं की तवा गारठतो, हा दमत नाही. घावन, आंबोळी, धिरडं यांना हवी असते ती हीच गोष्ट. म्हणून तवा मंद आचेवर सात-आठ मिनिटं तरी तापवायचा, अधूनमधून फिरवायचा. चुलीवर हा प्रश्न नव्हता, तिथे जाळ पसरलेला असे. गॅसच्या छोट्या कड्यावर तवा आला आणि त्याला बदनामी आली.

पाण्याचे चार थेंब शिंपडा. नुसते फसफसले तर थांबा. गोळ्या होऊन पळायला लागले तर तवा 200 अंशांच्या आसपास गेला, घावनाला जरा जास्तच. एवढ्या तापलेल्या तव्यावर पीठ पसरत नाही, डावाला चिकटून मागे येतं. मग पाण्याचा शिडकावा मारून फडक्याने पुसायचं. आजी अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावरून फिरवायची. काकू वांग्याच्या देठाने, कुणी नारळाच्या शेंडीने. कांद्यात काही जादू आहे असं पुष्कळ जण मानतात. माझ्या मते कांद्याचं काम एवढंच, की तो जळत नाही आणि तेल मोजकंच लावतो. मग पातळ पीठ कडेकडून आत ओतायचं, झाकण, आणि हात आवरायचा. सुरुवातीला घावन तव्याला धरतंच. खालची बाजू कोरडी झाली, की आपणहून सुटतं, कडा वर उचलतात. त्याआधी कालथा घालणारा माणूस तव्याला दोष देतो.

आणि पहिलं बिघडतंच. ‘पहिलं घावन तव्याचं, दुसरं गाईचं, तिसऱ्यापासून माणसांचं,’ असं आजी म्हणायची. गौरीच्या दिवशी घावन-घाटल्याचा नैवेद्य असे, तेव्हासुद्धा नैवेद्याचं घावन तिसरं किंवा चौथं असे.

साबणाविषयी एवढंच. ‘तव्याला साबण लावायचा नाही’ हा नियम खोटा नाही, जुना आहे. तेव्हाच्या साबणात आणि धुण्याच्या सोड्यात जो अल्कली होता, तो सुकलेल्या तेलाचा थर उतरवू शकतो. आजी सगळी भांडी राखेने घासायची, हा तवा तेवढा कोमट पाण्याने आणि काथ्याने. राखेतही अल्कली असतो, हे तिला कुणी सांगितलं नसेल, पण अनुभव होता. आजच्या द्रवसाबणाचा एक थेंब तयार तव्याचं काही बिघडवत नाही. तव्याचे खरे शत्रू दोन. एक साचलेलं पाणी. दुसरं, तापलेल्या तव्यावर ओतलेलं गार पाणी, कारण त्या धक्क्याने तो चरचरून तडकू शकतो.

हल्ली हे तवे आरोग्याच्या नावाखाली पुन्हा खपतात. त्यात तथ्य आहे, पण सांगतात तेवढं नाही. 1986 साली अमेरिकेत वीस पदार्थ लोखंडी भांड्यात शिजवून तपासले. टोमॅटोच्या सॉसमधलं लोह शंभर ग्रॅममागे सुमारे 0.6 मिलिग्रॅमवरून जवळजवळ 6 पर्यंत चढलं. आंबट, ओलसर, बराच वेळ शिजणारं, त्यातच लोह उतरतं. महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या शंभरांतल्या 54 बायकांना रक्तक्षय असल्याचं 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळलं, तेव्हा ही गोष्ट क्षुल्लक नाही. पण दोन मिनिटांत उतरणाऱ्या घावनात, तेही तेलाच्या थराआडून, लोह कितीसं येणार? कोकमाची आमटी बिडाच्या कढईत शिजवा, लोह येईल, मात्र थर जाईल आणि जिभेला कस लागेल. केळफूल तर त्यात काळंच पडतं. कापडाला काळा रंग चढवायला हिरडा आणि हिराकस वापरत, त्यातलीच ही तुरट द्रव्याची आणि लोहाची गाठ. ज्याला घावन सुटायलाही हवं आणि लोहही हवं, त्याने दोन भांडी ठेवावीत.

आईने 1990 च्या सुमारास नॉनस्टिक तवा आणला आणि एककानी तवा आजीकडेच फळीवर राहिला. मी आईला बोल लावत नाही. सकाळी सातला डबे भरणाऱ्या बाईने आठ मिनिटं तवा तापण्याची वाट कशी पाहावी? तो रविवारचा तवा आहे. आमच्याकडे तो रविवारी चढतो, सहाव्या की सातव्या महिन्यात पुन्हा पहिल्यासारखा झाला, आणि आता वापरून झाल्यावर मी त्याला गॅसवर कोरडा करतो, थेंबभर तेल फिरवतो आणि विसरतो. बहिणीचा नवा तवा अजून तपकिरी आहे.

तुमच्या माळ्यावर किंवा गावच्या घराच्या फळीवर असा एखादा गंजलेला तवा असेल, तर तो भंगारात टाकू नका. कान तुटलेला असेल तरी चालेल. फक्त उलटा करून उजेडासमोर धरा आणि बोटाने टिचकी मारा. घंटेसारखा वाजला तर तो अखंड आहे. भद्द वाजला तरच द्या.