आधी पटाशी, मग लेणी

कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागात एक छोटासा ब्राह्मी लेख आहे. धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुतारानं, वेणुवासाच्या मुलानं, हे दार केलं, एवढाच त्यातला मजकूर. त्याच ओसरीत वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचाही लेख आहे. हे शैलगृह जंबुद्वीपात सर्वांत उत्तम असल्याचं त्यात बिनदिक्कत नोंदवलंय. शेठजींचं नाव गाईड हमखास सांगतात, सुताराचं बहुतेक वेळा राहून जातं. पण जरा थांबून विचार केला तर प्रश्न पडतो, की अख्खं लेणं डोंगराच्या पोटात खोदलेलं असताना दाराशी सुताराचं काय काम?

काम पुष्कळ होतं. आत गेलं की वर बघायचं. अर्धगोल छताला ओळीनं लावलेल्या कमानी दिसतात. त्या दगडाच्या नाहीत, सागवानाच्या आहेत, आणि चैत्यगृहाइतक्याच, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षं जुन्या आहेत. स्तूपावरचं छत्रही लाकडी असून त्याच्या खालच्या अंगाला नाजूक नक्षी आहे. जपानमधलं होर्यूजी मंदिर जगातल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारतींत धरतात, ते सातव्या शतकातलं. कार्ल्याचं लाकूड त्याच्याही कितीतरी आधीचं. कार्ल्याला उभी इमारत लाकडाची नाही हे खरं. पण ज्या जागी बसवलं त्या जागी इतकी शतकं टिकलेलं लाकूड मुंबई-पुण्याच्या मधल्या एका डोंगरात आहे, आणि आपण एकवीरेचं दर्शन घेऊन, दहा मिनिटांत आत एक फेरी मारून खाली उतरतो.

हे लाकूड टिकलं कसं, याचं उत्तर सुतार पटकन देतो. एक तर सागवानाच्या गाभ्यात अंगचंच तेल असतं, वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. दुसरं, त्याला माती लागत नाही, पाऊस लागत नाही. तिसरं कारण मला सगळ्यांत मजेदार वाटतं. या कमानींवर कसलाच भार नाही. वरचं छत म्हणजे सलग कातळ, तो स्वतःच्या बळावर उभा आहे. कमानी नसत्या तरी छत कोसळलं नसतं. मग त्या बसवल्या कशाला? तर चैत्यगृह म्हटलं की आत लाकडी कमानी हव्यातच, असा त्या काळच्या डोळ्याला सराव होता. दगडातल्या लेण्यांच्या आधी अशी चैत्यगृहं लाकडातच बांधली जात होती. ती सगळी गेली. त्यांची घडण समजते ती दगडातल्या या नकलांवरून.

आता मुद्द्याचं सांगते. लोणावळ्याला सुट्टीला येणाऱ्यानं आधी लेणी बघून मग वेळ उरला तर काही ‘हस्तकला वगैरे’ करावी, असा सर्वसाधारण क्रम असतो. माझ्या मते तो उलटा हवा. आधी अर्धा दिवस एखाद्या सुताराकडे बसून लाकूड कोरायचं, आणि हात भरून आले की मग भाजं, कार्लं, बेडसं बघायचं.

मावळात यासाठी पाट्या लावलेले वर्ग शोधायला जाऊ नये. शोधायचा तो सुतार. वडगाव, कामशेत, तळेगावच्या पट्ट्यात देवघरं, चौरंग, दाराच्या चौकटी करणारे कारागीर अजून आहेत. आधी एकदा जाऊन बोलून ठेवलं, आपण लग्नाचा व्हिडिओ काढायला आलेलो नाही याची त्यांना खात्री पटली, की बहुतेकदा ‘या की’ म्हणतात. आम्ही ज्यांच्या शेडमध्ये बसलो ते काका सत्तरीच्या आसपासचे. माझ्याबरोबर भाचा आणि हिंजवडीत नोकरी करणारे त्याचे दोन मित्र होते. लगेच नक्षी कोरायला मिळेल अशी तिघांची कल्पना. काकांनी प्रत्येकासमोर धार लावायचा दगड ठेवला आणि सकाळचा पहिला वेळ सगळा त्यातच गेला. पटाशीचा उतार दगडावर पूर्ण टेकला पाहिजे, मनगट हलता कामा नये, पाठीवर उलटलेली कड शेवटी हलक्या हातानं काढायची. धार झाली का हे बघायला लाकडाच्या आडव्या कापावर, म्हणजे ओंडक्याच्या तोंडावर, एक कच्च काढायची. काप चकचकीत आला तर धार लागली. पांढुरका, भुसभुशीत आला तर पुन्हा दगड.

लाकूड दिलं होतं शिवणीचं. शिकणाऱ्याला सागवान देणं म्हणजे पैसे वाया घालवणं आणि शिसव देणं म्हणजे शिक्षा. शिवण हलकी, फिकट, वाळली की सहसा वाकत नाही, आणि कोरायला मऊ. ढोलकीपासून देवघरापर्यंत ती वापरतात ती याचसाठी. बाभूळ नांगराला आणि गाडीला. तिच्यावर फुलं कोरायचा हट्ट कोणी करू नये. सावंतवाडीची रंगीत फळं आणि खेळणी पांगाऱ्याच्या लाकडाची होत आली, तेही मऊपणासाठीच. कुठलं लाकूड कशाला, याचं हे ज्ञान बलुतेदारीतल्या सुताराकडे पिढ्यानपिढ्या होतं. नांगर, कुळव, पाभर, बैलगाडी नीट ठेवायची आणि सुगीला खळ्यावर आपला वाटा घ्यायचा, असा त्याचा व्यवहार. नक्षी हे त्याचं रोजचं काम नव्हतंच. चौकटीच्या गणेशपट्टीवर किंवा पालखीच्या दांड्यावर संधी मिळाली की तो हात मोकळा करून घ्यायचा.

आम्हाला काढायला दिलं ते कमळ. परकारानं एक वर्तुळ आखायचं, तेवढ्याच त्रिज्येनं परिघावरून सहा कमानी मारायच्या, की सहा पाकळ्या आपोआप तयार होतात. हे शाळेत सगळ्यांनीच केलेलं असतं. मग पाकळ्यांच्या रेषेवर सरळ पटाशी उभी धरून हलके ठोके द्यायचे, म्हणजे कडा आधी तोडून घ्यायच्या. त्यानंतर गोल पटाशीनं भोवतालची जमीन खाली उतरवायची. उजवा हात ढकलतो आणि डाव्या हाताची टाच लाकडावर टेकून ब्रेक लावते. दोन्ही हात कायम धारेच्या मागे. लाकूड शिकंज्यात पक्कं बसवलेलं, मांडीवर कधीच नाही.

खरी गंमत पाकळ्यांना गोलाई देताना सुरू होते. लाकडाच्या शिरा सगळ्या एकाच दिशेनं जातात, पाकळ्या मात्र सहा दिशांना. त्यामुळे एका पाकळीच्या डाव्या अंगाला पटाशी लोण्यासारखी जाते आणि तिच्याच उजव्या अंगाला त्याच हातानं, त्याच कोनात गेलं की लाकूड उचकटतं, चिरफाळ्या निघतात. भाच्याच्या मित्राची एक पाकळी अशीच टोकाला फुटली. काका उठले, पाट त्याच्यापुढे अर्धा फिरवून ठेवला आणि म्हणाले, ‘‘आता तिकडनं या. लाकडाची शीर वर चढत असली की पटाशी बी खालनं वर न्यायची. उलट्या बाजूनं घुसलं की ते फाटनारच, मग तुमी असा नायतर मी.’’ त्यानंतर तो मुलगा प्रत्येक पाकळीआधी थांबून शिरा कुठे जातात ते बघू लागला. दुपारपर्यंत चौघांची कमळं झाली. सुबक म्हणण्यासारखं एकही नव्हतं, पण लाकडाकडे बघायची सवय लागली होती.

दुसऱ्या दिवशी भाजं. मळवली स्टेशनापासून चालत जाता येतं. तिथल्या चैत्यगृहात सत्तावीस साधे अष्टकोनी खांब आहेत, नक्षी नाही, काही नाही. पण ते सरळ उभे नाहीत. सगळे वरच्या बाजूला आत झुकलेले आहेत. भाच्यानंच आधी ओळखलं, कारण आदल्या दिवशी काकांनी दाराच्या चौकटीबद्दल असंच काही सांगितलं होतं. लाकडी छपराचं वजन खांबांना बाहेर ढकलतं, म्हणून सुतार ते मुळातच जरा आत कलते बसवतो. भाज्याला ढकलायला छप्परच नाही, खांब आणि छत एकाच कातळातले. तरीही खोदणाऱ्यांनी कलते खांब खोदले. हात लाकडाला सरावलेले होते आणि दगडात आल्यावरही ती खोड गेली नाही. कार्ल्याला पोचेपर्यंत खांब सरळ झालेले दिसतात. दोन लेण्यांच्या मधे पाथरवट स्वतःच्या पायावर उभा राहिला, असं मी यातून वाचते.

भाज्याच्या कमानीतही जुनं लाकूड आहे. पुरातत्त्वज्ञ मधुसूदन नरहर देशपांडे यांना 1950च्या दशकात तिथल्या लाकडावर ब्राह्मी अक्षरं सापडली. म्हणजे लेख दगडावर नाही, थेट तुळईवर. दर्शनी कमानीच्या भोवती चौकोनी भोकं दिसतात, ती खाचा आहेत. एके काळी समोर लाकडी दर्शनी भाग होता, त्याची कुसवं या खाचांत बसत. लाकूड गेलं, खाचा राहिल्या. आदल्या दिवशी स्वतः एखादी खाच मारली असेल तर या भोकांपुढून कोणी नुसतं निघून जात नाही. किती खोल, किती जाड कुसू, हे आपोआप मोजायला लागतं. कमानीच्या दोन्ही अंगांना दगडात खोदलेले सज्जे, कठडे, जाळ्या बघाव्यात. तुळयांची टोकं भिंतीतून बाहेर आलेली दाखवली आहेत. दगडात तुळई टेकवायची गरज नसते, म्हणजे ही टोकं निव्वळ आठवण म्हणून आहेत.

मग कार्लं. तिथे नजर ठरत नाही इतकं कोरीव काम आहे. सुमारे 124 फूट लांबीचं सभागृह, दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांब, त्यांच्या माथ्यावर गुडघे टेकलेले हत्ती आणि वर बसलेली जोडपी. स्तूपामागचे सात खांब मात्र साधे, अष्टकोनी. काल सहा पाकळ्यांत मान मोडलेल्या माणसाला तिथल्या छत्राकडे बघताना जी दाद द्यावीशी वाटते ती नुसत्या प्रेक्षकाला वाटत नाही. बेडसं कामशेतहून पवनेच्या रस्त्यावर, गर्दी नाही, चढण आहे. ओसरीत चार प्रचंड खांब आहेत, घंटेसारख्या माथ्यांवर घोडे, बैल, हत्ती आणि स्वार. आतल्या लाकडी कमानी आता नाहीत.

प्रवासी आणि कोरीव काम यांची सांगड जगात इतरत्र जमलेली आहे. स्वित्झर्लंडच्या ब्रिएन्झमध्ये 1816 सालच्या दुष्काळाच्या सुमारास एका कातारी कारागिरानं प्रवाशांसाठी कोरीव वस्तू करायला घेतल्या. धंदा वाढला आणि 1884 मध्ये तिथे कोरीव कामाची शाळाही निघाली, ती आजही आहे. बालीतल्या मास गावात पर्यटक सकाळी येतात, मुखवट्यावर दुपारपर्यंत हात चालवतात आणि उबुदला परत जातात. बोरघाटातून रेल्वे 1863 मध्ये सुरू झाली, म्हणजे लोणावळ्याला प्रवासी यायलाही दीडशेहून अधिक वर्षं झाली. त्यांच्या हाती आपण चिक्की दिली. चिक्कीबद्दल तक्रार नाही, पण शेजारी हे एवढं असताना पटाशी द्यायची कोणाला सुचली नाही.

सुतारांची अवस्थाही बघायला हवी. घरोघरी प्लायवूड आलं, तयार दारं आली. देवघराची जाळी आता एमडीएफवर सीएनसी मशीन कापून देतं, आणि मशीन शिरांची दिशा बघत नाही कारण एमडीएफला शिराच नसतात. पेशवाईत याच कारागिरांना वाड्यांवर काम होतं. शनिवारवाड्याचं सागवान जुन्नरच्या रानातून आल्याचं सांगतात, तो वाडा 1828च्या आगीत गेला. सुरूचे खांब, केळफुलं, महिरपी अजून बघायच्या तर पुण्यात विश्रामबागवाड्याचा दर्शनी भाग आहे. 17 सप्टेंबर 2023 पासून सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत, त्यात सुतारकाम आहे. प्रशिक्षण आणि हत्यारांसाठी 15 हजार रुपयांपर्यंतची मदत मिळते. हत्यारं मिळाली तरी कोरायला गिऱ्हाईक लागतं. सुट्टीतला एक वर्ग हेही छोटं का होईना, एक गिऱ्हाईकच.

करायचं असेल तर दिवाळीनंतर ते महाशिवरात्रीपर्यंतचे दिवस बरे. पावसाळ्यात मावळातली हवा इतकी ओली असते की लाकूड फुगतं आणि पटाश्या गंजतात, आणि भुशी डॅमच्या रस्त्यावरची गाड्यांची रांग ती वेगळीच. लहान मुलं नेली तर त्यांना पटाशी न देता साबणावर कोरायला द्यावं, कडा कशा तुटतात ते तिथेही कळतं. पैशांची घासाघीस करू नये. त्या दिवशी काकांचं दुसरं काम बुडालेलं असतं, तेव्हा त्यांची दिवसाची मजुरी, लाकडाची किंमत, आणि आपण बोथट करून ठेवलेल्या पटाश्यांना संध्याकाळी पुन्हा धार लावण्यात त्यांचा जो वेळ जाणार आहे तोही धरून रक्कम द्यावी.