नकाशावरचे ‘पडीक’



“सौर आणि पवनऊर्जेत धूर नाही, धरण नाही, मग मिशनने त्यात का पडावे?” असे एका दात्याने विचारले. प्रश्न रास्त आहे. विजेला माझा विरोध नाही. आमच्या साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात आणि शिवाजीनगरला १२५ मेगावॉटचा सरकारी सौर प्रकल्प आहे. मला काळजी आहे ती जागेची.

पवनचक्कीचा पाया थोडक्यात बसतो. तिची लांब पाती वर न्यायला मात्र डोंगरातून रुंद रस्ता काढावा लागतो. तो झाला की भोवती शेती, चराई चालू राहू शकते. सौरपट्ट्यांचे तसे नाही. एका मेगावॉटला साधारण चार-पाच एकर जागा लागते, भोवती तारेचे कुंपण पडते, आणि मग शेळीसुद्धा आत जात नाही.

म्हणून जागा ठरवताना आधी पडीक जमीन शोधतात. हेतू चांगला आहे, बागायत वाचते. घोटाळा ‘पडीक’ या शब्दात आहे. एका पाड्यावर आम्ही बायकांना खडूने अंगणात गाव काढायला सांगितले. त्यांनी मोहाची झाडे दाखवली, गुरांची वाट, उन्हाळ्यात टिकणारा झरा, नागलीचे उताराचे तुकडे, पूर्वजांना पुरल्याची जागा. आमच्याजवळच्या छापील नकाशात तिथे नुसता पिवळा रंग होता. एक आजी त्याकडे बघून म्हणाली, “मग आम्ही खातो काय, पिवळा रंग?”

वनहक्क कायदा २००६ चा आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला चार हेक्टरपर्यंत हक्क मिळू शकतो आणि चराई, वनोपजासाठी गावाला सामूहिक हक्क. दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कसणाऱ्याला हटवता येत नाही. पण दावाच केला नसेल, तर जागा बघायला आलेल्या अधिकाऱ्याच्या कागदांत ते कुटुंब सापडायचे कसे? व्यक्तीचे दावे निदान भरले जातात. सामूहिक दाव्याला सगळा गाव एकत्र बसवावा लागतो, आणि माझ्या मते खरी निकड त्याचीच आहे, कारण ‘पडीक’ म्हणून आधी जाते ती चराईची जागा.

दावा ग्रामसभेपुढे येतो, गावची वनहक्क समिती जागेवर जाऊन तपासते, मग तो उपविभाग आणि जिल्हा समितीकडे जातो. पुरावे किमान दोन लागतात. जुनी दंडाची पावती चालते, गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही चालतो. ज्या पावतीने बापाला गुन्हेगार ठरवले, तीच आज मुलाच्या कामी येते!

तुमच्या देणगीतून या तिमाहीत झेरॉक्स आणि प्रवासाचा खर्च भागला. तीन पाड्यांची मोजणी बाकी आहे. ती पावसाआधी उरकायची आहे, कारण गवत वाढले की बांध दिसत नाहीत.