डेफेरिप्रोन
डेफेरिप्रोन : लोहाशी स्थिर जटिल संयुग बनविणारा नायट्रोजनयुक्त कार्बनी संलग्नी. याच्या रेणूत कार्बनाचे ७, हायड्रोजनाचे ९, नायट्रोजनाचा १ व ऑक्सिजनाचे २ अणू असून रेणुभार सु. १३९ आहे. हे पांढरे स्फटिकी संयुग माल्टॉलावर मिथिल अमाइनाची विक्रिया करून तयार करतात.

संरचना व कार्य : रेणूतील सहा अणूंच्या वलयात नायट्रोजनाचा अणू असतो. तो लोहाशी प्रत्यक्ष जोडला जात नाही. मात्र आपले इलेक्ट्रॉन वलयास देऊन कार्बोनिल गटातील ऑक्सिजनाची बंधक्षमता वाढवितो. त्यामुळे वलयात नायट्रोजनाऐवजी ऑक्सिजन असलेल्या माल्टॉलापेक्षा हा संलग्नी लोहाला अधिक घट्ट धरतो. शेजारच्या दोन ऑक्सिजन अणूंनी तो खेकड्याच्या नांगीप्रमाणे लोहाला पकडतो, म्हणजेच तो द्विदंती आहे. तीन रेणू मिळून एका फेरिक आयनाभोवती अष्टफलकी, विद्युत् भाररहित व तांबडे जटिल संयुग बनते. ते मूत्रावाटे बाहेर पडत असल्याने मूत्रास तांबूस छटा येते.

वैद्यकीय उपयोग : रक्ताच्या एका पिशवीतून शरीरात सु. २०० ते २५० मिग्रॅ. लोह जाते, शरीर मात्र रोज सु. १ मिग्रॅ. एवढेच लोह बाहेर टाकू शकते. थॅलॅसेमियात वारंवार रक्त द्यावे लागत असल्याने उरलेले लोह हृदय, यकृत व अंतःस्रावी ग्रंथींत साचून प्राणघातक ठरते. आधीचे डेफेरॉक्झामीन हे औषध त्वचेखाली पंपाद्वारे कित्येक तास द्यावे लागते. डेफेरिप्रोन मात्र तोंडाने घेता येते. १९९० च्या सुमारास मुंबईत रुग्णांवर याच्या चाचण्या झाल्या. त्या दशकाच्या मध्यास सिप्ला या मुंबईच्या कंपनीने ते बाजारात आणले. यूरोपीय संघात १९९९ मध्ये, तर अमेरिकेत २०११ मध्ये त्यास मान्यता मिळाली.

नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर, धडगाव, अक्कलकुवा इ. तालुक्यांतील आदिवासी समाजांत दात्र-कोशिका रोग (सिकलसेल) आढळतो. या रोगाच्या सर्वच रुग्णांना हे औषध लागत नाही. वारंवार रक्त द्यावे लागलेल्यांत लोह साचल्यासच त्याचा विचार करतात. या रोगातील लोहाधिक्यासाठी अमेरिकेत त्यास २०२१ मध्ये मान्यता मिळाली.

दुष्परिणाम : काही रुग्णांत रक्तातील श्वेत कोशिका धोकादायक प्रमाणात घटतात. म्हणून रक्ताची नियमित तपासणी अनिवार्य असून, ताप किंवा घशाचा संसर्ग झाल्यास औषध थांबवून तत्काळ तपासणी करणे आवश्यक असते. सांधेदुखी व मळमळ हेही परिणाम दिसतात. रक्ततपासणीची सोय रुग्णाच्या गावाजवळ असणे हे या औषधाच्या सुरक्षित वापरास औषधाइतकेच महत्त्वाचे आहे.